यंदाच्या कार्डात लाल नव्हता

अहिल्यानगर,
शुक्रवार, ३१ जानेवारी २०२५

चि. आदिनाथ यास जयामावशीचे अ. आ.

काल, गुरुवार, ३० जानेवारी २०२५ रोजी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी कुरिअरवाल्याने माझ्या दारात एक पाकीट दिलं आणि माझी सही घेतली. पाकिटात माझंच कार्ड होतं. संक्रांतीला तुझ्या आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, मी स्वतःच्या हाताने करून पाठवलेलं. सोबत तुझी तीन ओळींची चिठ्ठी. तीळगुळाची पुडी मात्र परत आली नाही. ती खाल्ली असावी. बरं झालं.

वर आशीर्वाद लिहिले ते रीत म्हणून. आता लिहिते ते राग आला म्हणून.

त्या कार्डावर मी शेवंतीची फुलं काढली होती. पिवळा रंग हळदीचा, डिंकाच्या पाण्यात कालवलेला. पानांचा हिरवा पालकाचा. देठांचा तपकिरी आटवलेल्या चहाचा. चौथा रंग त्यात नव्हता. परत आलं त्यात मधली फुलं लालभडक झालेली आणि खरवडलेली, कागदाचा लगदा वर आलेला. आणि तुझी चिठ्ठी म्हणते, घरात दुःख असताना मी कुंकवाचं कार्ड पाठवून तुझी सोयऱ्यांसमोर शोभा केली. आदिनाथ, तुझ्या वडिलांना, काकासाहेबांना, जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. कुठल्या घरी काय पाठवावं एवढं मला कळतं. दरवर्षी सुरेखाच्या कार्डात एक तरी लाल वस्तू असते. कधी पतंग, कधी चित्रातल्या बाईची टिकली. तिला लाल आवडतो म्हणून. यंदा मी तो मुद्दाम घातला नाही. बाजारातून बीटसुद्धा आणलं नाही. तेव्हा हा लाल तुमच्या घरात कुणी केला, ते तू मला सांग.

आणि चिठ्ठी इंग्रजीत का? मराठीत मावशीला असं लिहायला तुझा हात धजावला नसता, म्हणून. मग निदान नीट लिहायचं. मान जातो तो 'लूझ', एका ओचा. तू दोन ओंचा 'लूस' लिहिलास, तो पायजमा होतो. तुझ्या आठवीच्या मे महिन्यात तू माझ्याकडे राहिला होतास. एकमेकांत घोटाळा होणाऱ्या शब्दांची मी तुला कार्डं करून दिली होती, एक शब्द पिवळ्यात, त्याचा फसवा भाऊ हिरव्यात. अ‍ॅडव्हाइस पिवळा, अ‍ॅडव्हाइज हिरवा. अ‍ॅक्सेप्ट पिवळा, एक्सेप्ट हिरवा. तू आमरसाच्या हातांनी ती सगळी एकाच रंगाची केलीस, पण पास झालास. तुझ्या कृषी सेवा केंद्राच्या पावतीवर क्वालिटी आणि क्वांटिटी उलटसुलट छापलं आहे, तरी मी आजवर काही बोलले नाही. दुकान तुझं आहे. ही बहीण माझी आहे.

सुरेखाला फोनवर ऐकू येत नाही. पत्र आणि कार्ड एवढीच आमची बोलायची वाट आहे, हे तुला माहीत आहे. ती वाट तू परस्पर बंद करू नकोस.

सूनबाई आरतीला आणि तुझ्या लेकाला, ओमला, आशीर्वाद. त्यांच्यावर रागावलेले नाही. लोभ आहे, सध्या कपाटात ठेवला आहे. तुझं उत्तर आलं की काढीन.

तुझी
जयामावशी


काष्टी, ता. श्रीगोंदा,
८ फेब्रुवारी २०२५

ती. जयामावशीस,
कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. इंग्रजीची चूक मान्य आहे. आठवीपासून ती तशीच राहिली. तुम्ही शिकवलं नाही असं मी कुणाला सांगत नाही.

काय झालं ते लिहितो. ओमची सोयरीक कोपरगावला जुळते आहे. नाना गेल्यामुळे लग्न वर्षाच्या आत करा, नाहीतर तीन वर्षं थांबा, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. म्हणून सव्वीस जानेवारीला, रविवारी, मुलीकडची माणसं घर बघायला आली. बैठक भरलेली. चहा चाललेला. तेवढ्यात आई आतून बाहेर आली. कपाळावर कुंकू. कोरं, ओलं कुंकू. कुणाकडे न बघता ती सरळ भिंतीकडे गेली. लोकांच्या हातातल्या बश्या हातातच राहिल्या. मी उठून तिला हाताला धरून आत नेलं. तिच्या बोटांना लाल, आणि आत तिच्या पथारीवर तुमचं कार्ड, त्यालाही लाल. मी काय समजायचं? मला वाटलं, तुम्ही कुंकूच लावून पाठवलंत. तुमचा स्वभाव मला माहीत आहे.  

मावशी, तुम्ही मला समाजाचा गुलाम म्हणाल. म्हणा. पण एक सांगतो, ते मी आरतीलाही सांगितलेलं नाही. नानांना न्यायचं होतं त्या दिवशी भावकीतल्या बायकांनी आईच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. मी उंबऱ्यात उभा होतो. आईने माझ्याकडे बघितलं. मी नको म्हटलं असतं तर त्या थांबल्या असत्या, घरचा कर्ता मीच झालो होतो. मी खाली बघितलं. आता तीच बाई कुंकू लावून बाहेर आली, आणि मी म्हटलं की चालतं, तर मग त्या दिवशी ते कशासाठी केलं? तुम्ही शिकलेल्या आहात. याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर द्या.

तोवर आईला कार्ड पाठवू नये, ही हात जोडून विनंती. तिला त्रास होतो, घराला त्रास होतो.

कमीजास्त लिहिलं असेल तर लेकरू समजून पोटात घालावं. लोभ कपाटातून काढाल अशी आशा.

आपला
आदिनाथ


काष्टी,
१६ फेब्रुवारी २०२५

ती. जयाताईस,
धाकट्या सुरेखाचा सा. न. वि. वि.

ताई, आदिनाथला बोलू नको. लाल मीच केला.

हे पत्र शेजारच्या खुर्शीदच्या वट्ट्यावर बसून लिवते. कागद तिचा, पेन तिच्या नवऱ्याचा, नूरमहंमदचा. आजवर माझ्या हातात बांगड्या भरल्या त्या खुर्शीदनंच. आता मी गेले की सवयीनं माझा हात हातात घेते, मंग तिला सुधरत न्हाई, नुसताच धरून बसते. चहा पाजते. तुझ्या चहापरीस बरा असतो, राग मानू नको.

कार्ड शनवारी आलं. पोष्टानं लई उशिरा आणलं. पाकिटावर तुझं वळणदार अक्षर बघून बरं वाटलं. मंग वाचलं. श्रीमती. इतकी वरसं तू सौ. लिवायचीस. म्हनलं, आसू दे, खरंच हाय ते. उघडलं. शेवंती आशी काढलीस का वास यावा. उलटून बघितलं, सुलटून बघितलं. लाल कुठंच न्हाई. मी म्हनलं, खाली कोपऱ्यात आसंल, माझ्या डोळ्याला दिसत नसंल. उनात नेऊन बघितलं. न्हाईच.

ताई, भावकीनं काढला तो त्यांचा रिवाज. त्यांच्या आयांचा पन काढला हुता, त्यांच्या लेकींचा पन काढतील. तू मिशनच्या सिस्टरांच्या शाळेत शिकलेली. तुझ्या घरात कुनाचा रिवाज चालतो? तू तरी ठिवशील आसं मला वाटलं हुतं. बांगड्या फुटल्या तवा मी रडले न्हाई. ते कार्ड बघून रडले.

ऐतवारी दुपारी परत काढलं. ह्यांची तंबाखूची पिशवी माझ्या उशाखाली हाय. तंबाखू वाळून गेली. पर डबीतला चुना मी रोज पान्याचा थेंब टाकून ओला ठिवते. का ठिवते ते मला बी ठाव न्हाई. त्यांना वाळलेला चुना चालायचा न्हाई, म्हनून आसंल. बोट ओलं केलं, चुन्यात बुडवलं आन तुझ्या फुलावर घासलं, आपन ल्हानपनी आईच्या पाठीमागं करायचो तसं. तुला आठवत आसंल, हळदीला चुना लागला का ती भडकती. लाल झाली. तेच बोट कपाळाला लावलं. म्हनशील, घरात काय हळद नव्हती? हुती की. पर ती सुनेच्या डब्यातली. ही हळद माझी हुती. चुना ह्यांचा हुता. कुनाचं काय घेतलं मी?

बैठकीत पाव्हनं हायेत ह्याचा मला पत्त्या नव्हता. मला ऐकू येत न्हाई. मी आपली आरशात बघाया गेले, आरसा बैठकीत हाय. आरशात पयलं माझं कपाळ दिसलं. मंग पाठीमागं कोपरगावची मानसं दिसली, हातात बश्या घिऊन. तू आसतीस तर हासली आसतीस.

आरतीनं पुसलं. पदराचं टोक ओलं करून, लेकराचं तोंड पुसावं तसं.  तिला काय म्हनू नको, आदिनाथला बी नको. तो माझ्याकडं बघत न्हाई. बाप गेल्यापासून बघत न्हाई. मला त्याचंच लई हाय.

तू लगीन केलं न्हाईस ते बेस केलंस. तुझी टिकली कुनी मोजत न्हाई.

उत्तर लिव. माझ्याच नावानं लिव, चोरून नको. मी माझ्या बहिनीचं पत्र चोरून का घ्यावं? लोभ माझ्याकडं हाय तेवढा हायेच, तुझ्याकडचा कमी झाला का काय तेवढं लिव.

तुझी
सुरेखा


अहिल्यानगर,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. सुरेखा हिस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा कामाला येणारी सविता भांडी घासत होती. माझ्याकडे बघून तिने नळ बंद केला आणि कोण गेलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, कुणी गेलं नाही, बहिणीचं पत्र आहे. ती म्हणाली, मग बसा की खाली. तेव्हा मला कळलं की मी उभी होते.

सुरेखा, काढताना मला वाटलं की मी तुला जपते आहे. लाल बघून तिला दुखेल, घरचे बोलतील, असा सगळा विचार करून मी बीट बाजारातच ठेवलं आणि पाकिटावर श्रीमती लिहिलं. ते लिहिताना स्वतःला फार समजूतदार समजत होते. भावकीने काढला तो रीत म्हणून, मी काढला तो शहाणपणा म्हणून. तुला माझंच जास्त लागलं, आणि लागणारच होतं. त्या बायका तुझ्या कुणी नव्हत्या. मी होते. क्षमा माग असं तू म्हटलेलं नाहीस, म्हणून आधीच मागते. तू म्हणायची वाट बघितली असती तर तो पुन्हा मोठेपणा झाला असता.

सोबत कार्ड आहे. मधोमध लाल. बिटाचा नाही, हळदीचाच, चुना लावून केलेला. पहिल्यांदा चुना जास्त झाला आणि विटकरी आला. दुसऱ्यांदा डिंक कमी पडला. तिसरा बरा जमला. हळद भडकताना बघत बसले. शाळेत नाताळच्या आधी सिस्टर आम्हाला कार्डं करायला लावायच्या. बाकीच्या मुली डब्यातले रंग आणायच्या आणि मी तू वाटून दिलेले. सिस्टर विचारायच्या, हा लाल तुम्ही कुठून आणता? मी कधी सांगितलं नाही. मला वाटायचं, सांगितलं तर सगळ्या करतील. या कार्डात डिंक मुद्दाम जास्त घातला आहे. खरवडलंस तरी कागद फाटायचा नाही.

पाकिटावर या वेळी नुसतं सुरेखा लिहिलं आहे. मागेपुढे काही नाही. पोस्टमनला कळेल.

तू इकडे ये. चार दिवस म्हण, चार महिने म्हण. माझ्याकडे आरसा न्हाणीघराच्या बाहेर आहे, तिथे कोपरगावचे पाहुणे येत नाहीत. चहा मात्र माझाच प्यावा लागेल. आणि ओमचं लग्न ठरलं की मी येणार. तुला हाताला धरून हळदीच्या पाटाशी नेणार आणि भर मांडवात माझ्या बोटाने तुझ्या कपाळाला कुंकू लावणार. कुणाला काय बोलायचं ते मराठीत बोलावं, इंग्रजीत बोलावं, दोन्हीत दुरुस्त करून देईन.

आदिनाथ तुझ्याकडे का बघत नाही ते मला ठाऊक आहे. त्याने विश्वासाने लिहिलं म्हणून मी सांगत नाही. एवढंच सांगते की ते तुझ्यावरच्या रागाने नाही.

लोभ कमी झाला का विचारतेस. मोजून बघ, या कार्डात आहे तेवढा आहे.

तुझी
ताई


काष्टी,
१७ मार्च २०२५

ती. मावशींस,
आरतीचा सा. न. वि. वि.

तुमचं रजिस्टरचं पाकीट तुमच्याकडे परत आलं असेल. त्यावर 'घेण्यास नकार' असं लिहून खाली आईंची सही आहे. ती कुणी हात धरून घेतलेली नाही, आणि हे घरातल्याच माणसाने तुम्हाला सांगावं म्हणून लिहिते आहे. यांना विचारून लिहीत नाही.

ओमचं लग्न ठरलं. ११ मेला, इथेच काष्टीत. आदल्या दिवशी हळद. तारीख धरली त्या संध्याकाळी हे आईंच्या पथारीजवळ जाऊन बसले. नाना गेल्यापासून पहिल्यांदाच बसले. मोठ्याने बोलावं लागतं म्हणून मला आत ऐकू आलं. म्हणाले, आई, लग्नात तू पुढे बसायचं, अक्षता टाकायच्या, फोटोत ओमच्या शेजारी उभं राहायचं, कुणी आडवं आलं तर मी बघून घेईन. फक्त हळदीच्या वेळी आतल्या खोलीत बस. कुंकवाचं पुन्हा काढू नको. आणि लग्न पार पडेपर्यंत मावशीचं टपाल घेऊ नको. मावशी येतील आणि भर मांडवात तुला कुंकू लावतील, मला त्यांचा स्वभाव माहीत आहे. आई बराच वेळ यांच्या तोंडाकडे बघत होत्या. मग व्हय म्हणाल्या. ओमला त्यांनीच वाढवलं. मी तेव्हा दुकानात बसायची. तो पहिलं पाऊल टाकून गेला तो त्यांच्याकडे.

पोस्टमन आला तेव्हा मी भाकरी टाकत होते. आईंनी पाकीट हातात घेतलं, नाव वाचलं. नुसतं सुरेखा लिवलंय म्हणाल्या आणि हसल्या. मग विचारलं, परत करायचं तर सही कुठं करायची. सही करून पाकीट दिलं. पोस्टमन गेला तरी दारातच उभ्या. मी जवळ जाऊन विचारलं, आत काय असेल हो? म्हणाल्या, शेवंती आसंल, पिवळी.

मावशी, तुम्ही काय पाठवलं होतं मला माहीत नाही. पण त्या तसं म्हणाल्या ते माझ्या डोक्यातून जात नाही.

हे वाईट नाहीत. रात्री जेवत नाहीत नीट. कोपरगावची माणसं त्या दिवशी निघाली तेव्हा मुलीची आजी मला हळूच म्हणाली, तुमच्या सासूबाईंना कुंकू काय शोभतं हो. मी ते यांना सांगितलं. यांना तो टोमणा वाटला. आता यांना कसं समजवायचं, ते तुम्हीच सांगा.

थोडं लिहिलं, बाकीचं जाणून घ्या. आमच्यावरचा लोभ काढून घेऊ नका.

आपली
आरती


अहिल्यानगर,
शनिवार, १२ एप्रिल २०२५

चि. आदिनाथ यास,
जयामावशीचे अ. आ.

ओमची लग्नपत्रिका मिळाली. छान छापली आहे. इंग्रजी बाजूला एक शब्द चुकला आहे, तो मी सांगणार नाही. लोक जेवायला येतील ते तो वाचून येणार नाहीत.

रजिस्टरचं पाकीट परत आलं. ते मी उघडलेलं नाही. टपाल तिचं आहे, माझं नाही. ते आल्यावर बरेच दिवस मी तुला पत्र लिहीत होते आणि फाडत होते. एक तर इतकं झणझणीत झालं होतं की ते फाडायचं वाईट वाटलं. तू तिला अटी घातल्यास म्हणून ते सगळे शब्द होते. मग माझ्या लक्षात आलं की अटी घालायला का होईना, तू तिच्या पथारीजवळ जाऊन बसलास आणि तिने तुझ्या तोंडाकडे पोटभर बघून घेतलं. तिने तुला हो म्हटलं ते त्यासाठी. माझ्या पाकिटापेक्षा तिला ते मोठं वाटलं. वाटू दे. आई आहे ती.

तू विचारलं होतंस, मग त्या दिवशी ते कशासाठी केलं? माझ्याकडे उत्तर आहे, पण तुला हवं आहे तसं नाही. ते कशासाठीही केलं नव्हतं. केलं, कारण तसं करतात. तू खाली बघितलंस, कारण बाप अंगणात होता आणि तुझं वय किती का असेना, तू त्या दिवशी लहान होतास. त्याची शिक्षा तू दर सकाळी तिच्या कपाळाला देतो आहेस. ती तुला काही बोललेली नाही. मला लिहिलेल्या पत्रातही नाही. तिला राग आला आहे तो माझा. तो योग्य आहे, आणि तो आमचा आम्ही बघू.

आता कामाचं. तुला भीती आहे की मी येईन आणि मांडवात तमाशा करीन. भीती खरी आहे. मी तेच करणार होते, तसं तिला त्याच पाकिटात लिहिलंही होतं. तिने ते वाचलं नाही. तेव्हा मी तुझ्याशी सौदा करते. मी ओमच्या लग्नाला येणार नाही. हळदीला नाही, अक्षतांना नाही, नंतर पूजेलाही नाही. लग्न होईपर्यंत एक ओळ लिहिणार नाही. त्या बदल्यात हळदीच्या वेळी तिला आत बसवायचं नाही. ओमला पहिली हळद तिने लावायची. तुझ्याआधी, आरतीच्या आधी, कोपरगावकरांच्या आधी. कपाळाचं मी काही मागत नाही. तिथे काय लावायचं, काय नाही, ते तिचं तिला ठरवू दे. हळद पिवळी असते. त्यात कुणी नाव ठेवावं असं काही नाही.

न येण्याचं हे वचन मी तुला सहज देत नाही हे समजून घे. ओम मला नातवासारखा नाही, नातूच आहे. आणि सुरेखाला मी काकासाहेबांच्या दहाव्यानंतर बघितलेलं नाही. या वयात पुढच्या कार्याचा भरवसा आम्ही दोघी धरत नाही. मी आले नाही तर ती मला कधी तरी विचारील, का आली नाहीस. तेव्हा तू तिला सांगायचं की ताईचा गुडघा धरला. हा सौदा सांगायचा नाही. तिला कळलं तर ती हळदीच्या पाटावरून उठेल आणि आत जाऊन बसेल. मी तिला ओळखते.

आहेर आरतीच्या नावाने वेगळा पाठवला आहे. नवरीला माझे आशीर्वाद सांग. खुर्शीदला पत्रिका दिली नसशील तर दे. लोभ कपाटातून काढला आहे. तो परत ठेवायला लावू नकोस.

उत्तर लेखी हवं, तुझ्या हाताचं, मराठीत. बुधवार, ३० एप्रिल २०२५, संध्याकाळी पाचच्या आत ते माझ्या हातात पडलं पाहिजे. 'हो' किंवा 'नाही' एवढं पुरे. 'बघू' हे उत्तर धरलं जाणार नाही. 'नाही' आलं, किंवा काहीच आलं नाही, तर ९ मेला सकाळच्या पहिल्या एसटीने मी काष्टीत उतरते, आणि पुढचं तुला ठाऊक आहे. माझी साडी काढून ठेवलेली आहे. पण तुला खरं सांगते आदिनाथ, ती मला नेसावी लागू नये असं उत्तर दे.

तुझी
जयामावशी